उष्टी शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी, पितळेची आणि उष्टी शिट्टी आहे. 'उष्टी' हा शब्द वाचून नाक मुरडू नका. माझ्या आयुष्यात जे काही चांगलं घडलं, ते त्या शब्दामुळेच घडलं.

पितळेचा पत्रा वाकवून, डाख देऊन कारागिरानं मला जोडलं आणि माझ्या पोटात बुचाची एक गोळी टाकली. फुंकर आली की ती गोळी नाचते आणि माझा आवाज थरथरत लांबवर जातो. पालघर स्टेशनाजवळच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात मी काचेखाली पडून होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका दुपारी नर्मदाताई दुकानात शिरल्या. पदर खोचलेला, चाल खो-खो खेळणाऱ्या मुलीसारखी.

"वाजवून बघते," त्या म्हणाल्या.

दुकानदार हसला. "बाई, तोंडाला लावलीत तर घ्यावी लागेल. उष्टी झाली की दुसरं कोण घेणार?"

"मग घेतलीच समजा," असं म्हणून ताईंनी मला फुंकलं. रस्त्यावरचा टांगेवाला वळून बघू लागला. त्या क्षणापासून मी त्यांची झाले.

नर्मदाताई मूळच्या सातारच्या. पती चंद्रभान तारापूरच्या एका कारखान्यात कामाला होते, म्हणून त्या शेजारच्या सालवडला आल्या. व्यायामाचं रीतसर शिक्षण घेतलेलं होतं आणि हातपाय स्वस्थ बसत नव्हते. त्यांनी पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली, जमिनीवर काथ्याच्या चटया अंथरल्या आणि बायकांसाठी व्यायामाचा वर्ग सुरू केला. सुरुवातीला बायका लाजत आल्या. पुढं त्या पदर खोचून आल्या. नंतर नंतर तर नवऱ्याला चहा स्वतः करून घ्यायला सांगून येऊ लागल्या.

ते माझे वैभवाचे दिवस होते. मी एकदा वाजले की हात वर, दोनदा वाजले की खाली, आणि लांब वाजले की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. मी घरीसुद्धा ताईंच्या गळ्यातच असे. चंद्रभान म्हणत, "फोडणी घालतानापण ती गळ्यात? कुकरची शिट्टी कुठली आणि तुझी कुठली, मला कळेनासं झालंय."

पण मित्रांनो, तो सगळा वर्ग एका गळ्यावर चालला होता. कुलूप ताईंनी उघडायचं, चटया ताईंनी झटकायच्या, हुकूम ताईंनी द्यायचे. कुणी मदतीला आलं तर त्या म्हणत, "राहू दे, तुला जमायचं नाही." हे त्या प्रेमानं म्हणत. ऐकणारीला मात्र ते प्रेम दिसत नसे. ताईंना ताप आला की शेडला कुलूप. साखरबाई नावाच्या एक जाडजूड, हसऱ्या बाई वर्गात सगळ्यांच्या पुढं उभ्या राहत. त्या म्हणायच्या, "ताईंना शिंक आली की वर्गाला सर्दी होते."

सगळ्या हसत. ताईही हसत, पण ते त्यांना लागे. आपला वर्ग एक दिवसही बंद पडू नये, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. तो बंद पडण्याचं कारण आपण स्वतःच आहोत, हे त्यांना दिसत होतं आणि दिसत नव्हतंही.

मग वर्गात हिरा आली, मूळची समुद्रकाठच्या दातिवऱ्याची. कोळ्यांची मुलगी, लग्न होऊन सालवडच्या चाळीत आलेली. अंगानं काटक आणि तोंडानं फटकळ. वर्ग सुटल्यावर ती आणि ताई शेडच्या पायरीवर बसून एका डब्यातून जेवत. हिरा ताईंच्या भाकरीचा तुकडा न विचारता मोडी आणि ताई तिच्या बोंबलाच्या कालवणात बोटं बुडवीत.

एक दिवस हिरा म्हणाली, "ताई, माझी आय इचारते, आमच्या गावात कधी येता? मासळी सुकत घालून घालून सगल्या बायांच्या कंबरा धरल्यात."

"येईन ना. पण मग इथं कोण बघणार?"

"मी हाय की."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मला मुठीत धरलं. म्हणाल्या, "बघू."

त्या वर्षी पालघरला महिलांचा मेळावा होता आणि आमच्या वर्गानं तिथं मनोरा करून दाखवायचा असं ठरलं. खाली साखरबाईंची रांग, तिच्यावर दुसरी रांग, आणि टोकावर पुष्पलता नावाची सडपातळ मुलगी. ताईंनी मनाचा हिय्या केला. म्हणाल्या, "हिरा, हा मनोरा तुझा. तू उभा करायचास."

हिरा फुलली. तिनं माझ्याकडं हात पुढं केला.

"शिट्टी राहू दे गं," ताई म्हणाल्या. "उष्टी असते. दुसऱ्याच्या तोंडात देऊ नये. तू टाळी वाजव."

हिरानं टाळी वाजवली. खालची रांग बसली. दुसरी टाळी, मधली रांग चढली. तिसऱ्या टाळीला पुष्पलता चढू लागली. तेवढ्यात मधल्या एकीचं पाऊल किंचित सरकलं. बाजूला उभ्या ताईंना राहवलं नाही. त्यांनी मला तोंडाला लावून दोनदा फुंकलं. दोनदा म्हणजे खाली! साखरबाईंनी खांदे टाकले, वर पुष्पलता अजून चढतच होती. ती पडली ती मनगटावर.

हाड मोडलं नाही, मनगट मुरगळलं. ताई हिराला म्हणाल्या, "लक्ष कुठं होतं तुझं?"

हिरानं आधी पुष्पलताच्या मनगटावर ओला फडका गुंडाळला. मग ती उठली. "टाली माझी, शिट्टी तुमची. बायांनी कोनाचं ऐकायचं? होडीवर तांडेल एकच असतो, ताई. दोन झाले की होडी खडकावर जाते." तिनं चपला घातल्या आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ताई पायरीवर एकट्याच डबा घेऊन बसल्या आणि तो न खाताच बंद केला. मला हातात घेऊन त्या बराच वेळ उलटीपालटी करत राहिल्या. माझ्या कडांवर त्यांच्या दातांच्या खुणा होत्या. मग त्या उठल्या आणि थेट हिराच्या चाळीत गेल्या.

हिरा दारात बसून मासे साफ करत होती. तिनं मान वर केली नाही. ताईंनी मला गळ्यातून काढलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत दिवसाउजेडी मी त्या गळ्यातून पहिल्यांदा उतरले.

"ही घे."

"उष्टी हाय ना?"

"परवा माझ्या डब्यातली भाकरी मोडलीस, तेव्हा विचारलं होतंस?"

"ती भाकर व्हती."

"आणि ही शिट्टी आहे. चिंच लावून घास, नाहीतर तशीच फुंक." ताई तिच्याशेजारी टेकल्या. "उष्ट्याचं निमित्त होतं गं. मला द्यायची नव्हती."

हिरानं हात धुतले. पदरानं मला पुसलं आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी फुंकर घातली. शेजारच्या दारांतून डोकी बाहेर आली. मग ती म्हणाली, "एक सांगते. तुमी मधी बोलायचं नाय."

"नाही बोलणार."

"हातपन हलवायचे नाय."

"बघते," ताई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

पहिले काही दिवस हिरानं मला इतकं फुंकलं की माझ्या पोटातल्या गोळीला दम लागला. उठताना शिट्टी, बसताना शिट्टी. साखरबाई म्हणाल्या, "अगं हिरे, एस.टी. मागं घेतेस काय?" हिरा लाजली. ताई कोपऱ्यात ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. कसं फुंकावं हे त्यांना सांगता आलं असतं. त्यांनी तिला ते तिचं तिलाच समजू दिलं. ते त्यांना किती जड गेलं, ते मी पाहिलं आहे.

मेळाव्याच्या दिवशी पालघरचं मैदान भरलं होतं. ताई प्रेक्षकांत पुढं बसल्या. मी हिराच्या ओठांत होते. खालची रांग बसली, मधली चढली. मनगट बरं झालेल्या पुष्पलतानं पाय उचलला, आणि तेवढ्यात साखरबाईंचा खांदा थरथरू लागला. ताई अर्ध्या उठल्या. त्यांचा हात गळ्याशी गेला. तिथं मंगळसूत्राशिवाय काही नव्हतं. त्या खाली बसल्या आणि दोन्ही तळहात त्यांनी मांडीखाली दाबून धरले.

हिराची छाती श्वासानं भरली. आता मी वाजणार, हे मला कळलं होतं. पण ती फुंकेना. तिनं नुसतं साखरबाईंच्या डोळ्यांत पाहिलं.

"थांब गं पुष्पे," साखरबाई खालून पुटपुटल्या. त्यांनी गुडघा थोडा सरकवला आणि खांदा नीट केला. "हां. चढ आता."

पुष्पलता चढली. तिनं दोन्ही हात वर केले आणि मनोरा हलला नाही. मग हिरानं मला फुंकलं, लांब, थरथरत. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आवाज होता. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. ताईंना मांडीखालून हात काढायला जरा वेळ लागला.

परतताना ताई म्हणाल्या, "त्या वेळी तुझ्या जागी मी असते तर फुंकली असती."

"म्हाईत हाय," हिरा म्हणाली.

त्यानंतर शेडच्या दाराशी एक खिळा ठोकला गेला. ज्या बाईचा तास, तिनं मला खिळ्यावरून घ्यायचं, नळाखाली विसळायचं आणि तास संपला की परत टांगायचं. नवशिक्यांचा तास साखरबाईंना मिळाला. त्या चुकायच्या. ताई तिथल्या तिथं न टोकता दुसऱ्या दिवशी चहा पिताना हळूच सांगायच्या. दर रविवारी हिरा मला घेऊन सफाळ्याहून एस.टी.नं दातिवऱ्याला जाई. तिथं दोऱ्यांवर सुकणाऱ्या बोंबलांच्या वासात बायका रांगेत उभ्या राहत. एकदा ताईही तिकडं आल्या आणि रांगेत शेवटी उभ्या राहिल्या. "ताई, कंबर!" हिरा ओरडली. ताईंनी मुकाट्यानं कंबर सरळ केली. त्यांचा चेहरा इतका खूश मी आधी कधी पाहिला नव्हता.

पुढं टेपरेकॉर्डर आला. गाण्याच्या तालावर व्यायाम होऊ लागला आणि मी खिळ्यावर लटकून राहिले. पितळेवर हिरवा कळंक चढला, पोटातली गोळी चिकटली. मग एका सकाळी मध्येच वीज गेली आणि गाणं तुटलं. बायका हात वर केलेल्या तशाच उभ्या राहिल्या. साखरबाईंनी धावत येऊन मला ओढलं, नळाखाली खळखळून धुतलं आणि फुंकलं. त्या दिवसापासून दर शनिवारी मला चिंच लागू लागली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नर्मदाताई गेल्या. त्या दिवशी शेड बंद होती. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला उघडली. साखरबाई भिंतीवरच्या ताईंच्या फोटोकडं बघून म्हणाल्या, "ताई, वर्गाला सर्दी नाही झाली." आणि तोंडाला पदर लावून त्या चटया झटकू लागल्या.

तेराव्यानंतर ताईंची मुलगी मंगला आली. तिनं मला खिळ्यावरून काढलं, माझ्या कडांवरच्या दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं आणि मला मुठीत घट्ट धरलं, अगदी तिची आई धरायची तसं.

"न्या," हिरा म्हणाली. "तुमच्या आयची हाय."

मला वाटलं, आता कपाट. ताईंच्या साडीच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी सुखरूप राहीन आणि हळूहळू मुकी होईन. मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाची तरी अशी एखादी वस्तू असेल. तिला घासा, पुसा, कळंक चढू देऊ नका. पण जपायची म्हणून तिला मुकी करू नका. ती एखाद्या नव्या हातात द्या, आणि दिल्यावर आपले हात मांडीखाली दाबून बसा.

मंगलानं मूठ उघडून माझ्याकडं पाहिलं. मग तिनं विचारलं, "आता कोणाचा तास आहे?"

"हंसाचा. नवीन हाय."

हंसा पुढं आली. मंगलानं मला तिच्यासमोर धरलं. हंसानं हात पुढं केला आणि तो अर्ध्यावर थांबला.

"ही... उष्टी आहे ना?"

"हो," मंगला म्हणाली. "माझ्या आईपासूनची."