नकाशावरचा राब

भिवाच्या पोरीच्या लग्नाला माझा भाऊ गेला नाही. भिंतीला भिंत लागून घर, मांडवाच्या मेढी ह्याच्या अंगणात रोवलेल्या, आणि हा दार लोटून आत बसून राहिला. बायकोलाही जाऊ दिलं नाही. आमंत्रणाच्या अक्षता घेऊन भिवा स्वतः आला, तर ह्यानं त्या हातात घेतल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर ठेवायला लावल्या. आणि ही सगळी मर्दुमकी तो मला भाऊबीजेच्या सकाळी, काळाचौकीच्या माझ्या खोलीत मांडी घालून, चहात बटर बुडवत सांगत होता.

"बरी जिरवली ना, आक्का?"

"चहा पी. गार होतोय," मी म्हटलं.

कुशाबानं चमकून माझ्याकडे बघितलं. त्याचंही बरोबरच होतं. नळावर माझी कळशी पुढे सरकली की मागच्या बायका आपापल्या मागे घेतात, भाडं मागायला येणारा भय्या आधी माझ्या आवाजाचा कानोसा घेतो, असं माझं तोंड. एवढ्या गोष्टीवर मी एक शिवी देऊ नये? भिवाला नाही, तर निदान कुशाबाला? पण त्या दिवशी माझी जीभ टाळूला चिकटली होती, आणि ती का चिकटली होती हे त्या खोलीत कुशाबा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

सगळे म्हणजे आम्ही तिघं. मी, माझा मुलगा उत्तम आणि सून लतिका. उत्तमचे वडील गिरणीत साचे चालवता चालवता छातीच्या दुखण्यानं गेले, तेव्हा उत्तम अकरा वर्षांचा. मी खानावळ चालवली, वीस गिरणीवाल्यांच्या भाकऱ्या थापल्या, पण पोराला गिरणीचा भोंगा लागू दिला नाही. ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या त्यानं. कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, एका सरकारी कचेरीत नकाशे काढायला लागला. हात असा सरळ की पट्टी न लावता रेघ मारावी.

मागच्या पौषात मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं आणि गिरणगाव पेटलं. लालबागच्या नाक्यावर गोळ्या सुटल्या, कर्फ्यू लागला. कचेरी बंद. पण साहेबाला महिनाअखेर काम हवं होतं, म्हणून उत्तमनं फोटोंची गुंडाळी आदल्याच दिवशी कुणाला न विचारता घरी आणून ठेवली होती. कर्फ्यूच्या दुसऱ्या दिवशी त्यानं माझी पत्र्याची ट्रंक खिडकीखाली ओढली, वर पाट ठेवला आणि फोटो मांडले.

"आई, हात नको लावू हां. सरकारी आहेत."

"सरकार बाहेर पोरांना गोळ्या घालतंय. त्याला म्हणावं, म्हातारीच्या बोटांचं काय घेऊन बसलास?"

फोटो विमानातून काढलेले. आदल्या चैत्रात कुलाबा जिल्ह्यातल्या डोंगरांत मोठा वणवा लागला होता, त्याच्यानंतर आठवड्यानं. किती जंगल जळलं ते त्या फोटोंवरून ओळखायचं, लाल पेन्सिलीनं कडेकडेनं रेघ मारायची आणि ती रेघ नकाशावर उतरवायची, हे उत्तमचं काम. मला आधी काही कळेना. करपलेल्या तव्यासारखं नुसतं काळंपांढरं. मग त्यानं दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून त्यावर चार पायांची लोखंडी घोडी उभी केली. घोडीला दोन भिंगं.

"ह्यातून बघ. दोन्ही डोळे उघडे ठेव."

मी वाकले. थोडा वेळ सगळं हललं. आणि एकदम डोंगर वर आला.

"अगं बाई! हा तर उठून बसला!"

डोंगर खरोखरचा उभा. दरी खोल. झाडं कोथिंबिरीच्या जुडीसारखी. आणि मग मी ती खिंड बघितली, दोन कातळांमधली, एका बाजूला मोडल्यासारखी. ती आमच्या कातळकोंडाची खिंड होती. माझं माहेर.

"उत्तम, अरे, हे माझं गाव आहे. हे देवीचं टेप, ही टेकडी. ही वहाळाची वाकण, ओढा वळतो ती. हे इथं आपलं घर, दिसतंय बघ, कौलांची पांढरी रेघ!"

चौदा वर्षांत मी माहेरी गेले नव्हते. आधी उत्तमच्या वडिलांचं आजारपण, मग खानावळ. कुशाबा दर भाऊबीजेला यायचा तेवढंच माहेर. ते असं, देवानं वरून बघावं तसं समोर आलं. मी बाजूला होईना. उत्तम हसत होता. घराच्या वरच्या अंगाला जंगल होतं, ते काळं पडलं होतं, ओल्या धोतरावर शाई सांडल्यासारखं पार कड्यापर्यंत.

"पेटलं कुठून ते कळलं तर साहेब खूश होईल," तो आपला सहज बोलला. "नुसतं जळलेलं कुणीही दाखवतो."

लतिका तांदूळ निवडत होती. सातवी शिकलेली, गिरगावातली. ती हसली. "सासूबाई, तुम्हाला एवढ्या वरून ओळखू येतंय? चौदा वर्षांत केवढं बदललं असेल."

तिनं सरळ मनानं म्हटलं असेल. मला ते लागलं. मी पुन्हा भिंगांत डोळे घातले. काळ्याच्या अगदी खालच्या कडेला, आमच्या दळीत, दळी म्हणजे जंगलाला लागून कसायला दिलेला चढावरचा तुकडा, तिथं एक ठिपका होता. मसुराच्या दाण्याएवढा, इतर सगळ्याहून काळा, गोल गरगरीत.

"हा बघ," मी म्हटलं. "हा आपल्या कुशाचा राब. दरसाल तिथंच भाजतो. डहाळ्या, पाला, शेण पसरायचं, पेटवायचं, पाऊस पडला की त्या राखेत रोप टाकायचं. त्याला कडेवर घेऊन मी त्याच जागी शेणाच्या पाट्या ओतल्यात. मला कोण शिकवणार?"

"नक्की, आई?"

"माझ्या माहेरचं मला विचारतोस?"

उत्तमनं बारीक टाक घेतला आणि त्या ठिपक्याशी सुंदर अक्षरात लिहिलं. मी अक्षराला अक्षर लावून वाचलं. कुशाबाचा राब. आमच्या सात पिढ्यांत सरकारी कागदावर असं झोकात कुणाचं नाव आलं नव्हतं. मी लतिकेकडे बघितलं. तिनं मान खाली घातली, आणि त्या दिवशी, बाहेर रस्त्यावर लष्कराच्या गाड्या फिरत असताना, मी कुळथाच्या पिठल्याशी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

वैशाखात कुशाबाचं पत्र आलं. मास्तरांकडून लिहून घेतलेलं. लतिकेनं वाचलं. जंगलचा गार्ड कागद घेऊन आला, वणवा तुझ्या राबातून गेला असं नकाशात दिसतं, दळी बंद. पुढं लिहिलं होतं, त्या जागी मी सहा वर्षं राब भाजलेला नाही. माझा बैल तिथं कड्यावरून पडला तेव्हापासून मी राब खाली ओढ्यापाशी नेला. वरच्या जागेत जंगलाच्या ठेकेदारानं कोळशाची भट्टी घातली होती, आग तिथून उडाली, सगळ्या गावानं बघितली. आता ठेकेदार पसार आहे. माझा राब पूर्वी नेमका तिथं होता हे दळीला दळी लागून असलेल्या एका भिवालाच ठाऊक. त्यानंच माझं नाव सांगितलं.

लतिकेनं पत्राची घडी करून फळीवर ठेवली. तिनं बोलायला हवं होतं, म्हणजे मला तिच्यावर ओरडता आलं असतं.

कोळशाची भट्टी गोल असते. राब शेताच्या बांधाबांधानं जातो, लांबोडका, चौकोनी, कधी तिरका. राब कधी गोल नसतो. डोंगरातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला हे विचारा. मला त्या भिंगातून तो गोल दिसला होता. मी बघितला होता. उत्तमला कळायचं काही कारणच नव्हतं, तो चाळीत जन्मलेला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी म्हटलं, "ते नाव खोड."

"कसं खोडू? नकाशा पक्का होऊन गेला. वर सह्या झाल्या."

"मग साहेबाला सांग, चुकलं."

"काय सांगू? फोटो घरी नेले म्हणून? आईनं सांगितलं ते लिहिलं म्हणून? दुसऱ्या दिवशी घरी बसवतील."

"मग न विचारता लिहिलंस कशाला?"

उत्तमनं चपला काढल्या, भिंतीला सरळ लावून ठेवल्या. मग म्हणाला, "विचारलं होतं, आई. आणि तुझं चुकतं असं ह्या घरात कधी कुणी म्हटलंय?"

आवाज चढवला नाही त्यानं. मी त्या दिवशी भांडी दोनदा घासली.

वैशाख ते दिवाळी मी गप्प बसले. पत्राला उत्तर लिहवलं, देवीला नारळ फोड, सगळं ठीक होईल. भिवाबद्दल एक अक्षर नाही. ज्येष्ठात त्याच्या पोरीचं लग्न झालं.

आणि आता कुशाबा समोर बसला होता. दरसाल येताना तो दळीतल्या वरीचं गाठोडं आणायचा, आणि मी भाऊबीजेला तिची खीर करायची. ह्या वेळी गाठोड्यात शिकेकाई आणि थोडे आवळे निघाले.

"वरी नाय आणली, आक्का," तो म्हणाला. "दळीच नाय, तर वरी कुठली?"

रागानं नाही. भांडं लवंडलं म्हणून कुणी सांगावं, तसं. त्यानं भांडावं असं मला फार वाटत होतं.

चाळीच्या कठड्याला पोरांनी काळ्या कागदाचा कंदील टांगला होता. चार दिवसांपूर्वी मुंबईसकट दोन भाषांचं एक राज्य करून टाकलं होतं, त्याचा निषेध. कुशाबा त्याच्याकडे बघत उत्तमला म्हणाला, "काय रे भाच्या, तू त्याच कामातला. विमानातनं माणसाचं नाव वाचता येतं काय?"

उत्तमनं ताटलीतल्या करंजीचे बारीक बारीक तुकडे केले. "नाही, मामा."

"तेच बोलतोय मी! माणसानं सांगितल्याबिगर कसं कळेल? भिवा, दुसरा कोण?"

"पण त्या वणव्यात भिवाचे पाय पोळले," मी म्हटलं. "तुझ्याबरोबर डहाळ्यांनी आग मारत होता. तूच सांगितलंस मागच्या दिवाळीला. महिनाभर त्याला चालता येत नव्हतं."

"सोंग होतं ते, आक्का. आता कळतंय."

पोळलेल्या पायांचं सोंग. माझा भाऊ असं बोलणारा नव्हता. गावात कुणाची गाय अडली तरी हा धावायचा. त्याला असं बोलायला मी शिकवलं होतं, नुसती गप्प बसून.

लतिकेनं पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. कुशाबा टोपी नीट करून बसला. मी तबक उचललं. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. समोर बसलेला हा माणूस मी कडेवर वागवला होता. त्याच्या कपाळाला कुंकू लावायला बोट पुढे केलं आणि ते तिथंच थांबलं. उत्तम माझ्याकडे बघत होता. नको, आई, असं त्याच्या डोळ्यांत सरळ लिहिलेलं. सहा वर्षांची त्याची नोकरी, माझ्या तेरा वर्षांच्या भाकऱ्या.

"सासूबाई," लतिका हळूच म्हणाली, "वात विझायला आली."

तिनं पुढे होऊन निरांजनात तूप घातलं. माझ्या हातातलं तबक मात्र घेतलं नाही.

"काय झालं, आक्का?" कुशाबा हसला. "भावाचं तोंड विसरलीस काय?"

मी तबक तसंच धरून उभी राहिले.

"नीट ऐक, कुशा. भिवा कुठं काय बोलला नाय. तुझं नाव ह्या तोंडानं सांगितलं, ह्याच खोलीत, सुनेपुढं मिरवायला. चौदा वर्षं तिकडं पाऊल नाय टाकलं आणि काल येऊन गेल्यासारखी बोलले. ठिपका गोल होता. मला दिसत होता. उत्तमनं फक्त लिहिलं. उद्या तो साहेबापुढं उभा राहील, त्याच्या मागं मी. त्याची नोकरी राहील का जाईल, तुझी दळी मिळेल का नाय, मला ठाऊक नाय. पण तू गावात उतरलास की घरी जायच्या आधी भिवाच्या दारात जा. त्याच्या पोळलेल्या पायांवर डोकं ठेव आणि सांग, चहाडखोर आमच्या घरातलीच निघाली. एवढं करणार असशील तर पाटावर बस, नायतर ऊठ, मी तुला ओवाळायच्या लायकीची नाय असं समजेन. भिवाशी तू वाईट वागलास, कुशा. आणि खरं ठाऊक असून सहा महिने गप्प बसलेली तुझी बहीण, ती तुझ्याहून वाईट."