सगळी ताकद एकदम

नांदुऱ्याचा गॅरेजवाला प्रसेनजित मनातल्या मनात स्वतःला रेसिंग इंजिनिअर समजे. उंद्रीजवळच्या पडीक वावरात मोटारसायकलींची रेस ठरली, तेव्हा त्याने आपल्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीचं सिलिंडर उतरवलं आणि धूर बाहेर पडायचं छिद्र कानशीने घासून घासून वर नेलं. कार्बोरेटर मोठा बसवला. वजन घटवायला मडगार्ड, हेडलाइट, सीटचा फोमसुद्धा काढला.

बायको सुवर्णा चहा घेऊन आली. तिने आधी त्या उघड्याबोडक्या गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पोटाकडे.

"गाडीचं तं सारंच काढलं. कानस इकडं बी लावा जराशी."

"तुले नाही समजत त्यातलं," प्रसेनजित म्हणाला आणि पोट आत घेतलं.

रेसला झेंडा पडला. बाकीच्या गाड्या निघाल्या, याची नुसती खोकली. छिद्र वर नेल्यामुळे इंजिन जोरात फिरल्याशिवाय ताकदच देईना. एवढं साधं गणित रेसिंग इंजिनिअरला भर मैदानात सुचलं. त्याने क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर पिळला, इंजिन किंचाळायला लागलं तसा क्लच सोडला. ताकद आली. सगळी एकदम आली. पुढचं चाक आभाळाकडे गेलं आणि तो गुळगुळीत सीटवरून घसरून ढेकळांत बसला. गाडी एकटीच शेजारच्या तुरीत शिरली.

"गाडी गेली, ड्रायव्हर राह्यला!" माइकवाला ओरडला.

आधी त्याला राग आला. मग आपलं ध्यान आठवून बसल्या जागी हसूच फुटलं.

घरी येऊन त्याने मागच्या चाकाचं दातेरी चक्र मोठं बसवलं.

"याच्यानं काय होते?" सुवर्णाने विचारलं.

"टॉप स्पीड घटते, पण गाडी लवकर उचलते."

"मंग आता मीच चालवतो. मी तं तुमच्या निम्मीच."

त्याने स्वतःच्या पोटावरून हात फिरवला आणि हँडल तिच्या हातात दिलं. पुढचे कितीतरी दिवस ती सकाळी मोकळ्या वावरात गाडी पळवत राहिली.

साखरखेर्ड्याच्या रेसला सुवर्णा सरळ सुटली. प्रसेनजित दोरीच्या कडेने "पिळ! पिळ!" ओरडत धावत सुटला. ती दुसरी आली.

भगवंतराव नावाचे एक म्हातारे शौकीन त्याच्याजवळ आले. "काऊन हो, हे इंजिन कोनं बनवलं?"

या प्रश्नाचं उत्तर प्रसेनजितने कितीदा तरी आरशासमोर घोकलं होतं. पण आता धावून धावून श्वासच पुरेना. त्याने छातीवर हात ठेवून तोंड उघडलं, नुसती धाप बाहेर पडली.

भगवंतराव घाबरले. त्यांनी त्याला खाली बसवलं, खांद्यावरच्या दुपट्ट्याने वारा घातला आणि ओरडले, "अबे, पानी आना कोनी! या मानसाले काईतरी होऊन राह्यलं!"