भट्टी पेटलेली असताना

"ती दारात पाय ठेवते न ठेवते तोच तिला खरं सांगायचंस. नाहीतर मी हा निघालो!"

"निघ ना. पंचाहत्तरीला आलास, एकदाचा निघ. धमक्या कसल्या देतोस?"

"आई, मस्करी नकोय मला."

"मग ओरडू नकोस. दात गेलेत माझे, कान नाही गेले."

म्हातारीनं शंभरी गाठली होती, पण जीभ अजून विशीतली. खाटेवर उशीला टेकून बसली होती आणि समोर तिचा म्हातारा मुलगा लाल होऊन उभा होता. भांडण होतं ताईवरून. ताई म्हणजे म्हातारीची थोरली मुलगी, ह्याची मोठी बहीण. पन्नास वर्षं तिनं माहेरचं तोंड पाहिलं नव्हतं. पणतीनं कुठून तरी तिचा फोन नंबर काढला, 'पणजी शंभरची झाली, आता तरी ये' म्हणून गळ घातली आणि बाई चक्क हो म्हणाली. पणतीच तिला आणायला स्टँडवर गेली होती.

म्हातारी ह्या घरात सून म्हणून आली तेव्हा जेमतेम पंधराची. घर कौलं भाजणाऱ्यांचं. पुढं चिखलाचे ढीग, मागं भट्टी, आणि सासूचा एकच कायदा: भट्टी पेटली की घरातल्या माणसानं कुंपणाबाहेर जायचं नाही. लग्न असो नाहीतर मयत. जाळ कमी पडला तर कौलं कच्ची, जास्त झाला तर वेडीवाकडी, मग बसा हवा खात. म्हातारीची स्वतःची आई गेली तेव्हाही भट्टी पेटलेलीच होती. रडत रडत लाकडं आत सारत राहिली बिचारी. पुढं सासू गेली, धुरानं छाती भरून नवरा गेला, मधली दोन पोरं तापानं गेली. कायदा तेवढा जगला. सासू परवडली म्हणावं इतका तिनं तो कडक केला.

आणि एक दिवस ताईचा निरोप आला. बाळ तापानं फणफणलंय, आई, असशील तशी ये.

भट्टी आदल्याच दिवशी पेटवलेली.

हाच मुलगा तेव्हा म्हणाला होता, "तू जा आई. जाळ मी बघतो."

"तू? मागच्या खेपेला घोरत पडलास आणि सगळा माल काळा केलास."

"डोळ्याला डोळा लावणार नाही. जा तू."

"गप बस. विझली की जाईन."

भट्टी विझली. माल असा निघाला, की टिचकी मारावी आणि खणखण वाजावं. मग म्हातारी धावतपळत गेली. पाळणा रिकामा होता. ताई भिंतीला टेकून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "कौलं नीट भाजली का?"

तेव्हा म्हातारीच्या तोंडून जे निघालं ते निघालं. "मी निघाले होते गं. तुझ्या भावानंच अडवलं. म्हणाला, एकट्याला जमणार नाही."

भावाला हे परक्याच्या तोंडून कळलं. त्यानं जाब विचारला, तर म्हातारी म्हणाली, "सांगेन तिला सावकाश." पन्नास वर्षं तिचं ते सावकाशच चाललं होतं. त्यानं मात्र आईला टाकलं नाही. भट्टी चालवली, घरांवर पत्रे आले तशी ती बंद केली. बायको गेल्यावर तोच आईला आंघोळ घालायचा, वेणी घालायचा. वेणी वाकडी झाली की शिव्याही खायचा.

"सांगशील ना?" तो आता खालच्या आवाजात म्हणाला.

"सांगते म्हटलं ना. किती वेळा तेच!"

बाहेर रिक्षा थांबली. पणतीच्या हाताला धरून ताई आत आली. केस पांढरेशुभ्र, पाठीत वाकलेली. खाटेवर टेकली आणि आईचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला.

"केवढीशी झालीस गं तू!"

"आणि तू किती म्हातारी!"

दोघी हसल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या.

"ये ताई," भाऊ म्हणाला.

ताईनं मान वळवली नाही. "आई, तुझ्यावर कधीच राग नव्हता माझा. तू तर निघाली होतीस. आईचा जीव माझ्याकडे धावत होता, एवढ्यावरच मी तगले बघ. नाहीतर वेड लागलं असतं मला. ह्याचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून आले नाही इतकी वर्षं."

मुलगा आईकडे बघत राहिला. म्हातारीनं तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ताईची बोटं तिच्या बोटांत घट्ट अडकली होती आणि खरं सांगितलं की ती सुटणार होती.

"चहा घेशील ना गं?" ती म्हणाली.

"आई," मुलगा म्हणाला.

"दूध आहे का बघ रे." त्याच्याकडे न बघताच.

मग खुंटीवरचा सदरा काढून त्यानं अंगात चढवला, बटणंसुद्धा लावली नाहीत.

"पोरीला सांग दुधाचं," तो म्हणाला. "मला निघायला हवं आता."