मौनाचा भाव

त्याला घरात सगळे बोलघेवडा म्हणत. झोपेतसुद्धा तो कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत असायचा. एका मैत्रिणीला भागीदार करून त्याने स्वतःचं डिजिटल नाणं बाजारात आणायचं ठरवलं आणि नेमका उद्‌घाटनाच्या सकाळी त्याचा घसा बसला. मंचावर तो माईक धरून नुसता उभा राहिला. तोंडातून चकार शब्द नाही.

समोरची मंडळी भारावली. “केवढा खोल माणूस आहे!” कुणीतरी म्हणालं. संध्याकाळपर्यंत नाण्याचा भाव गगनाला भिडला.

घसा मोकळा झाल्यावर त्याने ऑफिसात शिरताना आनंदाने “नमस्कार मंडळी!” म्हटलं. भाव धाडकन खाली आला.

“पुन्हा तोंड उघडलंस तर याद राख,” मैत्रीण म्हणाली.

मग काय, बोलघेवड्याची भरभराट सुरू झाली. परिषदांना त्याला गप्प बसायला मानाने बोलावत. मुलाखतीत तो छताकडे बघे, दुसऱ्या दिवशी त्या बघण्यावर अग्रलेख येई. एका विद्यापीठात त्याने न बोलता अख्खी व्याख्यानमाला दिली आणि विद्यार्थ्यांनी टिपणं काढली. आतून मात्र बिचाऱ्याचा जीव घुसमटत होता.

आई फोनवर म्हणे, “जेवलास का रे? एक श्वास म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.” एकदा तिचा फोन आला तेव्हा तो जिना चढून धापा टाकत होता, तर ती डबा घेऊन तडक येऊन थडकली.

गुंतवणूकदारांच्या मोठ्या सभेत मैत्रीण भाषण करत होती आणि तो शेजारी छताकडे बघत बसला होता. तिच्या डोक्यावरचा भलामोठा दिवा निखळताना त्याला दिसला.

“बाजूला हो!” तो ओरडला.

ती उडी मारून सरकली, दिवा खळकन फुटला. पण दिव्याकडे बघतंय कोण? “ऐकलंत? बाजूला व्हा म्हणताहेत!” पहिल्या रांगेतले एक आजोबा किंचाळले. सगळ्यांनी फोन काढून नाणी विकायला घेतली. काचा गोळा होईपर्यंत नाण्याची माती झाली होती.

“हाताने खुणावता आलं नसतं?” मैत्रीण केस झटकत म्हणाली.

“तुझं डोकं फुटलं असतं! मग मी गप्प कुणाशेजारी बसलो असतो?”

ती चिडून काही बोलणार, तर तिला हसूच फुटलं. दोघं रिकाम्या सभागृहात मंचाच्या कडेला पाय सोडून बसली. तेवढ्यात वायरमन शिडी घेऊन आला.

“साहेब, दुसरा दिवाही हलतोय. काढू, की अजून कुणाला काही सांगायचंय?”