उडवलेली टोपी

ठण् ठण् ठण्! घंटेचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी अगदी कोरी होते. आगीची वर्दी आली होती. माझे मालक हेल्मेट घालून बंबाकडे धावले आणि मी खुंटीवरच राहिले.

मी एका बंबवाल्याची टोपी. आगीत आमचं काम नसतं. माणूस सुखरूप परत आला की त्याच्या डोक्यावर बसायचं, एवढंच.

शिकाऊ जवान पास झाले की टोप्या आभाळात उडवतात. मालकांनी मला इतकं उंच उडवलं की मी छपरावर जाऊन बसले. त्यांच्या सोबत्याने शिडी लावून मला उतरवलं. "लेका, नोकरीत पहिली सुटका कुणाची, तर तुझ्या टोपीची!" बंबाचा नळ हाच सोबती धरायचा, म्हणून पुढे सगळे त्याला नळकाका म्हणू लागले.

दोघं निवृत्त झाले. मालकीणबाई गेल्यावर मालकांना घर खायला उठायचं. मग मला डोक्यावर ठेवून ते रोज फायर स्टेशनातल्या बाकावर नळकाकांशेजारी जाऊन बसायचे. त्या बाकावरच त्यांचा जीव रमायचा.

मालकांची लेक गाणी गाते. गळा गोड, पण ऐकणारं कोणी नव्हतं. एकदा ती म्हणाली, "बाबा, नव्या व्हिडिओत तुमची टोपी उडवायची आहे. देता?"

"उडव की! फक्त छपरं बघून उडव. हिला सवय आहे."

लेक खाली बघत हसली. तिच्या मनातला अर्थ वेगळा होता, खिल्ली उडवण्याचा. तो तिने सांगितला नाही.

भगभगीत दिव्यांखाली तिने नाचता नाचता मला लाथ मारली. मग हातातली सिगारेट माझ्यावर विझवायची होती. तिचा हात थांबला. "बाबांचे सोबती चिडतील हो."

"चिडायलाच हवेत," दिग्दर्शक म्हणाला. "आवडलेलं गाणं माणूस एकटा ऐकतो. राग आला की चार जणांना दाखवतो."

तिने सिगारेट टेकवली. मला ओरडता येत नाही.

इकडे मालकांनी स्टेशनभर सांगून ठेवलं होतं, "माझी टोपी गाण्यात येतेय!" सगळ्यांना गोळा करून त्यांनी फोनवर गाणं लावलं. गाणं संपलं.

"तुला माहीत होतं?" नळकाकांनी विचारलं.

"अरे, टोपी उडवणार असं म्हणाली होती, पण…"

पुढचं कोणी ऐकलंच नाही. जवानांनी निषेध केला आणि निषेध बघून लोक गाणं शोधू लागले. लेक रडकुंडीला येऊन दिग्दर्शकाला फोनवर म्हणाली, "मी माफी मागते." पलीकडून तो हसला, "मागू की! पण आत्ता नको, गाणं चढतंय. माफीचाही व्हिडिओ करू."

मालक आता घरीच असतात. मी टेबलावर पडून असते, माथ्याला भोक घेऊन.

आज नळकाका आले. मालक लगबगीने उठले. "ये रे, बस! मी चहा टाकतो. अरे, मला वाटलं, आपण उडवली होती तशीच…"

नळकाकांनी मला उचललं. भोकावरून अंगठा फिरवला. मला जीभ असती तर मी एवढंच सांगितलं असतं, की या माणसाने मला आनंदाने दिलं होतं. वाचणाऱ्यांनो, तुम्हाला तोंड आहे. तुम्ही तरी सांगा त्यांना.

मालक त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते. नळकाकांनी मला हळूच टेबलावर ठेवलं, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि निघून गेले.