दोन एजन्सी आणि एक मायक्रोमीटर

बेअरिंगच्या कारखान्यात ती तपासनीस होती. तिचं बोट एवढं तिखट, की माशी बसून उडालेला नगसुद्धा तिनं एकदा "जाडीत फरक पडलाय" म्हणून परत पाठवला होता म्हणे. सगळे तिला मायक्रोमीटरच म्हणायचे. कारखान्याला टाळं लागलं आणि बाई चार महिने घरी. मग काय, सासूबाईंनी चिरलेल्या बटाट्याच्या फोडी मोजायला लागली.

"अगं बये, ही फोड लहान, ती मोठी! त्या पोटात जाऊन एकच होणारेत!" सासूबाई कावल्या. "तू आधी नोकरी शोध."

तिनं माणसं मिळवून देणाऱ्या दोन एजन्सींकडे बायोडेटा दिला. एकीकडे मधाळ साहेब, जिभेवर साखरेचं पोतं. दुसरीकडे एक शिस्तीची ताई. ताईनं फोन करून रीतसर विचारलं, "पंपांच्या कंपनीत मुख्य तपासनीस हवाय. पाठवू तुमचं नाव?"

"पाठवा की!"

दोनच दिवसांत ताईचा रडवेला फोन. "मावशी, घोळ झाला. मधाळ साहेबांनी तुम्हाला न विचारता तुमचं नाव तिथं आधीच टाकलंय. एकच माणूस दोन एजन्सींकडून आला, की कमिशनचं भांडण नको म्हणून कंपनी माणूसच बाद करते."

"वा! भांडण तुमचं आणि कपाळ फुटणार माझं?"

"त्यांनी तुमच्या नावावरचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं तर तुमचं नाव वाचेल. पण मुलाखती उद्या सकाळीच आहेत. आणि ते कुणाला लिहून देत नाहीत."

"माझ्यासमोर बसू दे, मग बघू."

सासूबाई ओरडल्या, "दोन घास खाऊन तरी जा!" तोवर ती जिना उतरली होती.

मधाळ साहेब तिला बघून विरघळलेच. "या या, बाईसाहेब! पण लिहून द्यायचं म्हणजे मोठ्या साहेबांची सही लागते. उद्या या ना."

"उद्या मला मुलाखतीला जायचंय."

"अहो, तुमच्यासाठी याहून भारी जागा बघतो!"

ती उठून बाहेर आली. तिथं नोकरी मागायला आलेली अकरा माणसं बसली होती. ती खड्या आवाजात म्हणाली, "काय हो, तुमचा बायोडेटा कुठं कुठं गेलाय, या साहेबांनी सांगितलंय का तुम्हाला?"

"का? कुठं गेलाय?" एक वेल्डर म्हणाला.

"मला न विचारता माझा पाठवला, म्हणून मी बाद होतेय."

अकराच्या अकरा जण असे ताडकन उठले, की खुर्च्यासुद्धा दोन पावलं पुढं आल्या.

"साहेब, माझा कुठं पाठवलाय?"

"आणि माझा?"

मोठ्या साहेबांची सही आता लागेनाशी झाली. मधाळ साहेबांनी घाम पुसत दोन ओळी खरडल्या आणि सही ठोकली. तिनं प्रत्येक अक्षर वाचलं, तारीख राहिली होती ती घालून घेतली, आणि कागद तिथूनच ताईकडे पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पंपांच्या कंपनीत हजर. मॅनेजर हसून म्हणाले, "बाई, तुम्ही भांडकुदळ आहात असं कानावर आलंय."

"भांडत नाही साहेब. चुकलेला माल परत करते."

त्यांनी पंपात बसवायचे पाच पोलादी दांडे टेबलावर मांडले. "आमच्याकडून पास झालेत. सांगा बघू."

तिनं एकेकावरून बोट फिरवलं. चौथा उचलून बाजूला ठेवला. "हा नापास."

मॅनेजरांनी मोजून पाहिला. पुन्हा मोजला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजला. मग जरा खाकरले. "कधीपासून येता?"

"आलेय की! याच्याबरोबर बनलेल्या बाकीच्या दांड्यांचा खोका कुठाय, ते दाखवा आधी."