नळाला झालेली कावीळ

सकाळचे आठ वाजले नव्हते, तरी पिंपळझिऱ्याच्या पारापासून थेट रेशन दुकानापर्यंत रांग लागली होती. परतवाड्याहून काळीपिवळ्या जीपा भरभरून येत होत्या. रांगेत पिवळ्या डोळ्यांचे लोक होतेच. पण ज्यांचे डोळे दुधासारखे स्वच्छ, तेही ‘आलोच हाओत तं माळ घालून घेऊ’ म्हणून उभे होते. फुकटात चमत्कार मिळत असला की घरी बसवतं कोणाला?

पारावर पुंजाजी महाराज. समोर रानवेलीच्या ओल्या कांड्यांचा ढीग आणि दोऱ्याची रिळं. महाराज कांड्या दोऱ्यात गुंफून बांगडीएवढी माळ करायचे आणि रोग्याच्या टाळूवर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ती गळ्यात उतरायची, मग छातीवर, मग पोटावर. माळ पायाशी पोचली की कावीळ गेली.

“हे माळ नाई, सापीण हाय सापीण!” महाराज गरजत होते. “काविळीले गिळते आन लांबते! बारा वर्सं मेळघाटात तप केलं. वाघानं सोता येऊन हे वेल दाखवली!”

वाघाला झाडपाल्यातलं कधीपासून कळायला लागलं, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. महाराजांच्या तपाचं फळ अकोल्याच्या जठारपेठेत तीन मजली उभं आहे, हेही गावाला बरंच उशिरा कळलं.

महाराजांच्या शेजारी सरपंच उत्तमराव छाती काढून उभे होते. संध्याकाळी ग्रामसभा होती आणि ठराव तेच मांडणार होते: नळाच्या पाइपलाइनची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलायची आणि आधी महाराजांसाठी सभामंडप बांधायचा. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर रागिणी इंगळे यांनी त्यांना महिनाभर परोपरीनं समजावलं होतं. त्या घरोघरी फिरल्या होत्या. आजारी पडले ते सगळे खालच्या आळीतले. तिथली नळाची लाइन फुटकी, आणि ती जाते सांडपाण्याच्या नालीतून. वरच्या आळीत बोअरचं पाणी, तिथं एकालाही कावीळ नाही.

“म्याडम, तुमची माहिती ठीक हाय,” उत्तमराव म्हणाले होते, “पण महाराज माणूस बरा करून दाखवतात. तुमी काय दाखवता? नाली!”

एवढ्या थाटात उभे असलेले उत्तमराव आज मात्र सारखे घराच्या दिशेनं पाहत होते. त्यांची सून माधवी सात महिन्यांची गरोदर होती आणि तिचेही डोळे पिवळे झाले होते. महाराजांनी स्वतः घरी येऊन तिच्या टाळूवर माळ ठेवली, त्याला चार दिवस झाले. अख्ख्या गावाच्या माळा सरसर वाढल्या. हिची सुताएवढीही हलली नाही.

“सुनेच्या मनात किंतू हाय,” महाराजांनी निदान केलं होतं. “डॉक्टरची गोळी घ्यान तं माळ रुसन.”

तेव्हापासून सासूनं, गोदाबाईंनी, सुनेला पाण्यात पाहायला सुरुवात केली होती. उत्तमरावांनी बायकोला अडवलं नाही.

ते पारावरून घरी आले तेव्हा रागिणी माधवीच्या खाटेशी बसल्या होत्या. समोर कूलर घरघरत होता. वैशाखातलं ऊन, त्यात पोटुशी बाई. तो दिवसरात्र चालू असायचा.

“काका, गरोदरपणात ही कावीळ फार वाईट,” रागिणी म्हणाल्या. “बाकीचे बहुतेक आपोआप बरे होतील. हिचं तसं नाही. आजच्या आज अमरावतीला न्या. आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका आहे.”

“महाराजायले इचारल्याबिगर?” गोदाबाई दारातूनच फिसकारल्या.

माधवी उशीला टेकून बसली. आवाज बारीक झाला होता, पण शब्द पक्के होते.

“मामाजी, मले पापीण म्हणून पाहाले इतक्या बाया आल्या. मी येकेकीले इचारलं, तुमच्या घरी कूलर हाय का? ज्यायच्या घरी कूलर, त्यायची माळ वाढत नाई. ज्या टिनाच्या छपराखाली झोपतात, त्यायची वाढते. मंग सारं पाप काय कूलरवाल्यायनंच केलं?”

उत्तमरावांनी कूलरकडे पाहिलं. मग माळेकडे.

“मायी माळ काढा आन टिनावर उन्हात टांगा. डोक्याबिगर वाढली तं मले दवाखान्यात न्यायचं. नाई वाढली तं तुमी म्हणान ते.”

“मी गाडी बोलावून ठेवते,” रागिणी म्हणाल्या. “पण काका, एकटीच माळ नको. उद्या कोणी म्हणेल योगायोग झाला. अजून काही माळा आणा. अर्ध्या उन्हात टांगू, अर्ध्या कूलरपुढे. बाकी सगळं सारखं. आणि घालायच्या त्या कावीळ नसलेल्यांनाच.”

उत्तमराव हट्टी होते, पण लबाड नव्हते. “मीच टांगतो. नाईतं लोकं म्हणतीन डॉक्टरीनबाईनं डाव केला.”

पारावर जाऊन त्यांनी ‘येऊ न शकणाऱ्या भक्तांसाठी’ माळा मागितल्या. महाराजांनी खुशीत दिल्या. त्या भक्तांपैकी उन्हातली एक होती उत्तमरावांची म्हैस, आणि उन्हातलाच एक खालच्या आळीचा नळ. ग्रामपंचायतीच्या कूलरपुढच्या खुर्चीवर एक कोहळं बसवलं आणि त्यालाही माळ घातली. शेजारी गावाची दवंडी द्यायचा भोंगा होता, त्यालाही.

दुपारी टिन असं तापलं होतं की हात लावला तर फोड यावा. उत्तमराव शिडीवर चढले. माधवीची माळ हातभर लोंबत होती. माणूस नाही, डोकं नाही, पाप नाही, पुण्य नाही, नुसतं ऊन. ते माळ सोडवून खाली उतरले. चार दिवस आपण पोरीला काय काय ऐकू दिलं, या विचारानं त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“गोदे, पिशवी भर! आन तू बी बस तिच्यासंगं गाडीत!”

गाडी अमरावतीच्या रस्त्याला लागली.

संध्याकाळी ग्रामसभेला गाव लोटलं. महाराज मानाच्या खुर्चीवर. उत्तमरावांनी एकेक माळ त्यांच्या हातात दिली.

“महाराज, पायून सांगा, कोनाची कावीळ उतरली?”

महाराजांनी लांबलचक माळ उंच धरली. “वा! हा भक्त निर्मळ! याच्या मनात कपट नाई! कोन हाय?”

“म्हैस हाय, महाराज.”

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांनी घाईघाईनं दुसरी उचलली, ती आखूडच राहिलेली. “हा नास्तिक! याच्या पोटात किंतू!”

“पोटात बिया हाईत, महाराज. कोहळं हाय थे.”

आता हसू आवरेना. उत्तमरावांनी सगळ्यात लांब माळ पुढे केली. महाराज तिला हात लावेनात.

“हे नळाची,” उत्तमरावच म्हणाले. “खालच्या आळीचा नळ. गावात खरी कावीळ कोनाले झाली असन, तं ह्यालेच झाली हाय.”

रागिणी उठल्या. त्यांनी एक माळ उसवून दाखवली. ओल्या कांडीभोवती दोऱ्याचे घट्ट वेढे होते. कांडी वाळते, बारीक होते, वेढे सैल पडतात; कांडीभोवतीचा दोरा सुटतो आणि माळ लांबते. कूलरच्या दमट वाऱ्यात कांडी ओलीच राहते. बस, एवढीच सापीण.

“पण मी तं बरा झालो ना!” एक जण ओरडला.

“झालात. तुमच्याच आळीत ज्यांनी माळ घातली नाही, तेही बरे झाले. तेवढ्याच दिवसांत. मी दोन्हीकडच्यांना विचारलंय. तुम्ही फक्त माळवाल्यांनाच पाहिलं.”

सगळे माना वळवून महाराजांकडे पाहायला लागले, तर खुर्ची रिकामी. वाघाच्या शिष्यानं मांजराच्या पावलांनी परतवाड्याची काळीपिवळी गाठली होती. त्याला पकडायला दोघं-तिघं धावले. पोलिसांत तक्रारही गेली.

उत्तमरावांनी स्वतःचाच ठराव फाडला. पाइपलाइन नालीतून काढून वरून न्यायची, आणि ती होईपर्यंत खालच्या आळीला टँकर. पाणी उकळूनच प्यायचं. हात वर झाले.

मग ते बाजूला जाऊन अमरावतीला फोन लावत बसले. गोदाबाईंनी उचलला. सलाइन सुरू होतं, बाळाचे ठोके नीट होते. पण डॉक्टर म्हणत होते, काही दिवस काळजीचेच. फोन माधवीकडे गेला.

“मायं चुकलं, पोरी.”

“मामाजी, नळाचं काय झालं?”

“उद्या खोदतो.”

“आजच बंद करा ना. लोकं रात्री बी पाणी भरतात.”

उत्तमराव तसेच उठले आणि खालच्या आळीकडे चालू लागले.

चमत्कार समोर आला की आपले हात आपोआप जुळतात. जुळू द्या बापडे. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारा: हे केलंच नसतं, तर काय झालं असतं? ज्याच्याकडे त्याचं उत्तर नाही, त्याच्या हाती आपलं डोकं देऊ नका, आणि आपलं गाव तर नाहीच नाही.